कोपऱ्यावरचीला दिलेली रेडी

आक्का, सगळी गल्ली तुला आक्काच म्हणायची, त्यामुळं तुला हाक मारायला माझा असा वेगळा शब्द मला कधी मिळालाच नाही. दुसऱ्या पोरांना आई होती, आव्वा होती. आपल्या दारात पाणी मागायला आलेली वाटसरू बाईसुद्धा आक्का म्हणायची, मीही आक्काच म्हणायचो, आणि तू दोघांनाही एकाच सुरात ओ द्यायचीस. हे मी आता लिहितोय, केस पांढरे झाल्यावर, निपाणीत स्वतःची तंबाखूची वखार उभी राहिल्यावर, लोक मला सावकार म्हणायला लागल्यावर. निमित्त एवढंच, की उद्या सकाळी बायका माझ्या गोठ्यातली रेडी न्यायला येणार आहेत. त्या कशासाठी येणार ते तुला सांगायला नको, हा सगळा उद्योग तूच लावून दिलेला. पण माझ्या गोठ्यात रेडी आली कशी, ते तुला ठाऊक नाही. ते सांगायचं तर जुनं सगळं वर येणार, त्याला माझा इलाज नाही.

मला अजून दिसतं, दुपारची भांडी घासून झाली की तू परसात बसतेस. पायाच्या अंगठ्यात अंबाडीचा पेड अडकवलेला, दोन्ही तळहात एकमेकांवर घासत तू दावं वळतेस. त्या घासण्याचा खरखर आवाज मला चुलीपाशी बसून ऐकू येतो, आणि आवाज बारीक होत गेला की मी ओळखतो, दावं संपत आलं, आता आणखी एक कुणीतरी दारात येणार. आपल्या भागात जनावर अर्धलीनं द्यायची रीत. मालकानं रेडी द्यायची, गरिबानं ती खाऊपिऊ घालून वाढवायची, व्याली की किंमत करायची आणि निम्मं निम्मं. सांभाळणाऱ्याकडं दुसऱ्या निम्म्याचे पैसे कुठले असणार? म्हैस मालकाच्याच दावणीला जायची. बाबा गेल्यावर तूही अशी एक सांभाळलीस. मालक आला, किंमत त्यानंच केली, तुझ्या हातावर काहीतरी ठेवलं आणि म्हैस सोडली. दावं मात्र काढून तुझ्यापुढं टाकलं, कारण ते तू वळलेलं होतं. मी लहान होतो, पण ते दावं भुईवर पडलेलं मी ऐकलंय.

त्यानंतर तू उरलंसुरलं सोनं मोडून स्वतःची म्हैस घेतलीस आणि रीतच उलटी केलीस. तू रेडी द्यायचीस ती दाव्यासकट. दाव्यासकट दिलं म्हणजे परत मागायचं नाही. अट एकच, त्या म्हशीला जी पहिली रेडी होईल ती वाढवून पुढच्या बाईला द्यायची, तीही दावं वळून. रेडा झाला तर पुढच्या वेतापर्यंत थांबायचं. बस्स, मग म्हैस तिची, दूध तिचं, दुधाचा पैसा तिचा. तुला काय मिळायचं? तू दिलेली कुठलीही म्हैस व्याली की तिचा चीक, ते पहिलं घट्ट दूध, तेवढं आपल्या घरी यायचं. तू त्याचा खरवस करायचीस आणि सगळ्या गल्लीला वाटायचीस. ताट फिरत फिरत माझ्यापाशी येईपर्यंत त्यात कडेचा चुरा उरलेला असायचा. "पोटचाच हाय की, त्याला काय," असं तू शेजारणीला म्हणालेलीस. कान तिखट असणं चांगलं नाही, आक्का. धंद्यात त्यांनी मला वर आणलं, घरात मात्र लई त्रास दिला.

ते कान मला वखारीत सापडले. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, दुसऱ्याच्या वखारीत पोती उचलत होतो. व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. बोटं दिसायची नाहीत, पण बोट दाबलं की समोरच्याचा श्वास बदलतो, तो मला शेजारी उभं राहून ऐकू यायचा. भाव कुठं अडलाय ते मी ओळखायला लागलो, आणि मला वाटलं, थोडं भांडवल असतं तर मीही रुमालाखाली हात घातला असता. आणि भांडवल तर आपल्या दावणीला बांधलेलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती रेडी, जिला मी रोज ओढ्यावर धुवायचो, जी माझ्या हाकेला कान हलवायची. ती गाभण होती. बाजारात चांगली गेली असती.

तू भाकरी थापत होतीस. मी उंबऱ्यावर बसून म्हणालो, "आक्का, ठिपक्याची विकूया. मला तंबाखूत घालायला पैसा होईल."

"ती कोपऱ्यावरची न्हेणार हाय," तू तव्याकडं बघतच म्हणालीस.

कोपऱ्यावरची म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरात राहणारी ती. माझ्याहून थोडीच मोठी. दिवसभर वखारीत तंबाखू चाळायची, आणि पगार भावजयीच्या हातावर ठेवला तरच तिला रात्रीचं जेवण मिळायचं. आमच्या सगळ्यांना ते माहीत होतं. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

"मी तुझ्या पोटचा, आणि रेडी परक्या बाईला?"

"तुला पाय हैत रं. उद्या हितनं उठलास तर बेळगावला जाशील, कोल्हापूरला जाशील, कुणी इचारणार न्हाय कुठं चाललास म्हणून. ती भावाच्या दारातनं उठली तर कुठं जाईल, सांग."

"मग मी जातोच."

"जा की. भाकरी खाऊन जा."

आक्का, त्या "जा की"चा मला आजही राग आहे. तू रडली असतीस, निदान भाकरी करपली असती, तरी मी समजलो असतो. भाकरी मात्र टम्म फुगली होती. मी ती खाऊनच गेलो, कारण भूक होती. निघताना बघितलं तर कोपऱ्यावरची ठिपक्याच्या रेडीला घेऊन चालली होती, रेडी मागं वळून वळून बघत होती, आणि तू दारात उभी राहून सांगत होतीस, "सांजची वैरण वाईच भिजवून घाल गं, तिला कोरडी आवडत न्हाय." मी बेळगावला चाललोय, तिथं मला काय आवडतं काय नाही हे कोण कुणाला सांगणार होतं?

बेळगावच्या खडेबाजारात एका तंबाखूवाल्याच्या दुकानी राहिलो. दुकानातच निजायचो, दुकानातच उठायचो. तिथं कानडीतला भाव वेगळा, मराठीतला वेगळा, आणि दोन्ही ऐकणारा मी एकटा. मालकाला ते उमगलं तसा मी पोती सोडून गादीवर बसलो, गादीवरून भागीदार झालो, आणि पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. लोक विचारायचे, "कुणाच्या आधारानं वर आलासा?" मी हसून म्हणायचो, "कुणाच्या न्हाय." हे खरंच होतं. इतर लोक असं म्हणताना 'आई सोडून' एवढं तरी म्हणतात. मला तेही म्हणावं लागत नव्हतं.

तू एकदाच काहीतरी पाठवलंस. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं पितळी डबा आणून दिला. "निपाणीच्या आक्कानं दिलाय. खरवस हाय, लगेच खावा म्हणाल्यात." मी दुकानाचं फळकूट लावून घेतलं, हात धुतले, मांडी घालून बसलो. डबा उघडला आणि आंबूस वास आला. उन्हाळ्याचे दिवस, मोटार वाटेत कुठं बिघडून उभी राहिली असणार. तरी मी बोटभर खाल्ला. डबा घासून परत द्यायला म्हणून मुद्दाम निपाणीला आलो, तर तू डबा हातात घेऊन म्हणालीस, "बरं झालं आणलास, कोपऱ्यावरचीचा हाय. तिची म्हस याली, ती म्हणाली आप्पाला पाठवूया." म्हणजे चीक तिचा, डबा तिचा, आणि मला पाठवायची आठवणसुद्धा तिचीच. मी त्याच मोटारीनं परत गेलो.

आणि मग तू गेलीस. मी पोचलो तेव्हा दारात बायकाच बायका. कुणी पाणी तापवत होती, कुणी तुझे केस विंचरत होती. एक तरणी बाई, मी तिला ओळखत नव्हतो, मला अडवून म्हणाली, "पुरुष माणसं वाईच भाईर थांबा. तुम्ही आक्काचे कोण?" मी तुझा कोण, हे मला तुझ्याच उंबऱ्यावर सांगावं लागलं. दहाव्याला वेदगंगेच्या काठी पिंड ठेवला, कावळा शिवेना. मी हात जोडून म्हणालो, तुझ्या नावानं अन्नदान करतो. कावळा झाडावरच. घर नीट बांधून काढतो म्हणालो. नाही. भटजी घाम पुसायला लागले. बायका लांब उभ्या होत्या, त्यातली कोपऱ्यावरची पुढं आली, पदर सावरला, आणि चारचौघांत बोलावं तसं म्हणाली, "आक्का, रेड्या थांबायच्या न्हाईत. जा तू." तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत कावळा खाली. मी माणसांचा राग फार दिवस धरत नाही, धंद्यात ते परवडत नाही. त्या कावळ्याचा मात्र अजून धरलाय.

पुढं मी बेळगावचं दुकान बायकोच्या भाच्याकडं सोपवून निपाणीला आलो आणि वखार घातली. का आलो, ते मला नीट सांगता येत नाही. लोकांना सांगितलं की माल इथं पिकतो. वखारीत बायका रांगेनं बसून तंबाखू चाळतात, धुरळा उडतो, शिंका येतात, सगळं तू बघितलेलंच आहे. एके दिवशी मुकादम आत आला आणि म्हणाला, "सावकार, एक बोलू का? म्हस असलेली बाई कामाला घेऊ नगासा."

"का रं?"

"उलट बोलती. बिनम्हशीची गप बसती. म्हशीवाली म्हणती, न्हाय पटत तर ऱ्हाऊ दे, माझी दुधाची चरवी भरलेली हाय."

मी हसलो. मनात मात्र म्हणालो, आक्का, तू मेल्यावरसुद्धा माझ्या वखारीत बसलीस. एवढ्या वर्षांत तुझ्या त्या एका म्हशीच्या रेड्यांच्या रेड्या होऊन गल्ली ओलांडून गेल्या होत्या. आणि सगळ्यात झोंबलं ते असं, की त्या बायका आता कोपऱ्यावरचीलाच आक्का म्हणत होत्या. तो शब्दसुद्धा तिनंच नेला. मी तिला आजवर तशी हाक मारलेली नाही. "अहो बाई" म्हणतो.

मग मी ठरवलं की हे आता मीच करायचं. मोठं करायचं. मी त्या बाईंना वखारीत बोलावलं, खुर्ची दिली, त्या खाली चटईवर बसल्या. मी म्हणालो, "दहा रेड्या मी विकत घेऊन देतो. वर्षाची पेंड-वैरण माझी. शेड बांधतो. फक्त दारावर आक्काचं नाव लिहायचं, खाली माझं."

त्या म्हणाल्या, "आप्पा, दहा रेड्या दिलासा तर दहा बायका तुमच्या मिंध्या होतील. आणि काम तर त्या तुमच्याकडंच करत्यात. उद्या मुकादम म्हणंल, सावकाराची रेडी घेतलीस न्हवं? मग मुकाट बस. मग ती कुठं जाईल, सांगा."

तुझेच शब्द, आक्का. तूच त्यांना शिकवलेले, की त्यांनीच तुला, कोण जाणे.

"मी तिचा मुलगा हाय," मी म्हणालो. एवढ्या वयाचा माणूस, गादीवर बसून हे म्हणत होता.

"व्हय की. कोण न्हाय म्हणतंय? पण आक्कानं तरी कधी दहा दिल्या? एक म्हस पाळा. तिची धार काढा. पहिली रेडी झाली की दावं वळून द्या. सगळ्यांगत." उठता उठता हसून म्हणाल्या, "नाव कशाला लिवायचं? रेडी काय वाचती व्हय?"

त्या गेल्यावर मी दोन दिवस म्हशींचे भाव काढत फिरलो. नंतर गाभण म्हैस विकत घेतली. माझी घरची म्हणाली, "या वयात ह्ये काय काढलंसा?" गडी धार काढायला बसला की म्हैस दूध चोरायची, लाथ झाडायची. शेवटी मीच बसलो. हात विसरले नव्हते. चरवीत पहिली धार पडते तिचा आवाज पातळ, टणक असतो. चरवी भरत आली की तोच जाड होतो, फेसाचा होतो. तो ऐकत बसलं की घड्याळाचं भान राहत नाही. घरची एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "तिला खरारा करता, तिला गोंजारता. आमच्याकडं कधी वळून बघितलासा का?" मी चमकलो. हा सूर माझ्या ओळखीचा होता. हा माझाच होता, मी तुझ्याशी कधी न बोललेला.

म्हैस व्याली आणि रेडा झाला. गल्लीत काय हशा पिकला म्हणून सांगू! "सावकाराच्या घरी रेडाच व्हायचा की गं, बाई तिथं टिकती व्हय!" पुन्हा वर्ष-दीड वर्ष थांबणं आलं. त्या दरम्यान असं झालं. म्हैस एका सकाळी नीट पान्हा सोडेना, मला उशीर झाला, मी धावतपळत वखारीत पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती, बायका रांगेत बसल्या होत्या, माझ्या बाहीवर दूध सांडलेलं. उशिरा येणारीचा अर्धा दिवस कापायची पद्धत मुकादमानं घातलेली, मी कधी मोडलेली नव्हती. मागच्या रांगेतून आवाज आला, "मुकादम, सावकारांचा अर्धा दिवस कापा की!"

वखार अशी गप्प झाली की चाळणीतली तंबाखू खाली पडताना ऐकू यावी. मग कुणीतरी शिंकलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. मुकादमाचं तोंड मात्र पडलं. "कोण ती? बाहेर काढतो," तो दात खात म्हणाला. ती एक विधवा, अंगावर दोन लेकरं, म्हैस नसलेली. म्हैस नसताना उलट बोलली, याचंच त्याला जास्त लागलं. मी म्हणालो, "राहू दे तिला. आणि पुढच्या आठवड्यापासनं घंटा उशिरा कर. धारा होऊन बायका येऊ देत." तो म्हणाला, "सावकार, धंदा बुडंल." बुडाला नाही. थोडा कमी झाला, ते मी सोसतो.

दुसऱ्या वेताला रेडी झाली. आता ती मोठी झालीय, दावणीला उभी राहून माझ्या हाकेला कान हलवते. कुणाला द्यायची हे ठरवणं माझ्याकडं नाही, ते बायका ठरवतात. काल कोपऱ्यावरची निरोप घेऊन आली. आता काठी टेकत येते. म्हणाली, "अर्धा दिवस कापा म्हणालेली, तिला." मी म्हणालो, "तिला म्हस मिळाली तर ती वखार सोडंल." ती म्हणाली, "सोडंल की." आणि काठी दावणीला टेकवून तिनं रेडीच्या पाठीवरनं हात फिरवला. बाहेर सगळीकडं स्वराज्याची बोलणी चाललीत, वखारीवर झेंडा कुठल्या बाजूला लावायचा यावर मुकादम रोज माझं डोकं खातो, आणि मला काळजी एवढीच, की त्या विधवेला सांगायला कसं जमेल, हिला कोरडी वैरण चालते पण पाणी शिळं चालत नाही.

दावं मीच वळलंय. परसात बसून, अंगठ्यात पेड अडकवून. कोपऱ्यावरचीनं ते दोन्ही हातांत ताणून बघितलं आणि म्हणाली, "आक्काचं यापरास घट्ट असायचं." असणारच. बायकांना दावी वळून देऊन देऊन तुझा हात बसला होता. मी या बाईचा आयुष्यभर हेवा केला, आक्का, आणि अजून करतो. तू केलंस ते बरोबर होतं, हे मला बेळगावच्या मोटारीत बसायच्या आधीच कळलं होतं. बरोबर होतं म्हणूनच तर राग जात नाही. तू चुकली असतीस तर मी तुला कधीच माफ करून मोकळा झालो असतो.

हा कागद पाठवायचा कुठं? घडी करून कोटाच्या खिशात ठेवीन, एक दिवस धोबी धुऊन टाकील. फक्त एक सांगायचं राहिलं, ते त्या बायकांपैकी कुणालाच ठाऊक नाही. म्हैस व्याली की चीक रेडी देणारीच्या घरी न्यायचा, ही तुझी रीत. माझी म्हैस मी बाजारातून आणलेली, मला कुणी दिलेली नव्हती, म्हणून चीक नेऊन द्यायला माझ्याकडं घर नव्हतं. गल्लीत वाटायला हवा होता. ही रेडी झाली त्या खेपेला घरची माहेरी गेलेली, मी दार लावून घेतलं, गूळ घालून स्वतः खरवस केला, वेलदोडा सापडला नाही, तो घातलाच नाही. आणि ताट पुढ्यात घेऊन चुलीपाशी बसलो, आणि एकट्यानं, मधल्या भागापासून सुरुवात करून, सगळा खाल्ला. दोन दिवस पोट बिघडलं होतं.